डेकचा रंग दरवर्षी का उडतो? पुन्हा पेंटर बोलावण्याआधी हे तपासा

डेकचा, म्हणजे घराला लागून बाहेर बांधलेल्या लाकडी फळ्यांच्या ओट्याचा, रंग उडाला की बहुतेक लोक एकच काम करतात, दुसरा पेंटर शोधतात. तो येतो, वरवर पाणी मारतो, दोन दिवसांत रंग लावून जातो, फोटोत डेक झकास दिसतो आणि पुढचा ओला सीझन सरला की परत पोपडे. मग तिसरा पेंटर. मी लाकडाच्या फिनिशिंगचंच काम करतो आणि मला डेकसाठी येणारे बरेचसे फोन या तिसऱ्या टप्प्यावरचे असतात, तोवर माणूस वैतागलेला असतो आणि "आता सगळ्यात महागडा रंग लावा" म्हणून मोकळा होतो. हा बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता काही ठरावीक तपासण्या केल्या की साधारण अंदाज येतो, त्याच इथे क्रमाने लिहितोय. आधीच सांगतो, डब्यातल्या मालाचा दोष फार क्वचित असतो. दोष रंगाच्या खाली असतो, म्हणजे ओल, जुना थर किंवा उन्हाने मेलेलं लाकूड, आणि ते न बघता वरून काहीही लावा, खालचा थर सुटला की तो त्याच्याबरोबर निघून येणारच.

लक्षणं, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का

पहिलं लक्षण पोपडे. रंग तुकड्यातुकड्याने उचलला जातो, नखाने खरवडला की नाण्याएवढी खपली सहज निघते आणि खाली राखाडी किंवा ओलसर लाकूड दिसतं. दुसरं, फुगे. उन्हात फळीवर फोड आल्यासारखे दिसतात आणि दाबले की मऊ लागतात. तिसरं, रंग लावून आठवडा झाला तरी पायाला चिकचिक, खुर्ची सरकवली की पाय चिकटून येतात. चौथं, स्क्रूंच्या भोवती किंवा कुंड्यांच्या खाली काळे-निळे डाग. पाचवं, पट्टे, म्हणजे एकाच फळीवर गडद-फिकट असे ब्रश थांबल्याचे ठिकाण दाखवणारे पट्टे.

आणि एक गोष्ट जी बिघाड नाहीच, तिच्यासाठी पण लोक पेंटरशी भांडतात. लाकडात मुरणारा पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक स्टेन लावला असेल तर तो एक ते तीन वर्षांत फिकट होणारच, विशेषतः जिथे दिवसभर ऊन आणि सतत पायांची वर्दळ असते तिथे. तो नुसता फिकट होतो, त्याचे पोपडे निघत नाहीत, तर त्याने त्याचं काम नीट केलं. स्वच्छ धुवून, वाळवून परत एक हात मारायचा, संपलं. पुढचं सगळं पोपडे, फुगे आणि चिकचिकीसाठी आहे.

पहिली तपासणी फुकट: कुठे उडालाय ते बघा

मोबाईल काढा आणि डेकचे फोटो घ्या, जवळून नको, वरच्या खिडकीतून किंवा स्टूलवर उभं राहून, म्हणजे पॅटर्न दिसतो. रंग सगळीकडे सारखा सुटलाय की ठरावीक जागी, यावरच निम्मं निदान होतं.

फक्त कुंड्यांच्या खाली गोल गोल उडालाय तर कुंड्या थेट लाकडावर ठेवताय, त्यांच्या खाली पाणी अडकून राहतं. रबरी बुडाची चटई जिथे असते तिथे चौकोन उमटलेला असतो, कारण तेच. एकच कोपरा सारखा जात असेल तर तिथे छपराच्या पन्हाळीचं पाणी पडतं का किंवा बागेचा स्प्रिंकलर रोज सकाळी तोच कोपरा भिजवतो का ते बघा. असल्या डेकवर मी रंगाचं कोटेशनच देत नाही, आधी स्प्रिंकलरचं तोंड फिरवा म्हणतो, त्याला पैसे लागत नाहीत.

फळ्यांच्या टोकांना, म्हणजे जिथे फळी कापलीये तिथून, रंग सुटत आत येत असेल तर त्या कापलेल्या टोकांना मागच्या वेळी कोणी हातच लावलेला नाही. लाकूड आडव्या बाजूने जेवढं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट पाणी या टोकातून ओढतं, कारण झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. ब्रशने टोकं भिजवायला फळीमागे अर्धा मिनिट पण लागत नाही, पण रोलरने काम करणारा माणूस ते हमखास टाळतो.

आणि सगळीकडे, उन्हात सावलीत, मध्ये कडेला, सारखाच उडालाय? मग तयारीत घोळ आहे किंवा खालून ओल येतेय. पुढे वाचा.

दुसरी: पोपडा उलटा करून बघा

ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट आहे आणि आश्चर्य म्हणजे कोटेशन द्यायला आलेले लोक ती करत नाहीत. एक मोठासा पोपडा न मोडता अलगद काढा, हातावर उलटा ठेवा आणि उजेडात मागची बाजू बघा.

मागे बारीक राखाडी केसांसारखे लाकडाचे तंतू चिकटलेले असतील तर रंगाने आपलं काम केलं होतं, त्याने लाकूड धरलं होतं, पण ज्या लाकडाला धरलं तेच मेलेलं होतं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन मोडतात, आणि तंतू एकमेकांना धरून ठेवणारी गोष्ट लिग्निनच आहे, ती गेली की वरचा थर नुसता भुसा उरतो. याला फार वेळ पण लागत नाही. अमेरिकेच्या वनखात्याची मॅडिसनला फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, तिथल्या संशोधनात दिसलंय की कोरं लाकूड नुसते काही आठवडे उन्हात राहिलं तरी रंगाची पकड कमी होते. म्हणजे "लाकूड अजून राखाडी झालं नाही, चालेल" हे पण खरं नाही. अशा डेकला नुसतं धुणं पुरत नाही, घासावंच लागतं.

पोपड्याची मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, काचेवरून निघाल्यासारखी, तर रंग लाकडात शिरलाच नव्हता. एकतर रंधा मारलेली नवी गुळगुळीत फळी न घासता रंगवली, किंवा लाकूड ओलं होतं, किंवा खाली जुनं तेल होतं. आणि मागे दुसराच रंग दिसत असेल, म्हणजे वर तपकिरी आणि मागे जुना लालसर, तर सरळ आहे, जुन्या सुटत आलेल्या थरावर नवा थर लावला. हे तिसरं प्रकरण सगळ्यात जास्त सापडतं, आणि कोटेशनमध्ये "पृष्ठभागाची तयारी" असे दोन शब्द लिहून ज्याने पैसे घेतले त्याने प्रत्यक्षात काय केलं हे त्या एका पोपड्यात दिसतं. दोन-चार पोपडे पाकिटात घालून ठेवा, नव्या माणसाला दाखवायला.

तिसरी: पाण्याचे थेंब आणि चिकटपट्टी

जिथे रंग गेलाय आणि लाकूड उघडं पडलंय तिथे पाण्याचे थोडे थेंब टाका. पाच-दहा मिनिटांत मुरले तर लाकूड माल प्यायला तयार आहे. मोत्यासारखे तसेच बसून राहिले तर लाकडात जुनं तेल, सीलर किंवा ओल भरलेली आहे, आणि जिथे पाणी जात नाही तिथे स्टेन पण जाणार नाही, तो वर साचून राहील आणि चिकचिक होईल. नव्या डेकवर पण हीच टेस्ट करा. प्रेशर ट्रीटेड लाकूड, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाने रसायन भरलेलं लाकूड, कारखान्यातून बऱ्याचदा ओलंच येतं, त्याला वाळायला हवामानाप्रमाणे काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि "नवीन आहे तोवर लगेच रंगवून टाकू" ही घाई महागात पडते.

मग जिथे रंग अजून शाबूत दिसतोय तिथे ब्लेडने फुलीसारखे दोन छेद द्या, लाकडापर्यंत, त्यावर चांगल्या प्रतीची चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तो भाग दिसायला धड असला तरी सुटलेलाच आहे, त्याच्यावर नवा हात मारणं म्हणजे पैसे पाण्यात. हे चार-पाच ठिकाणी करा, त्यातली एक जागा भिंतीलगतची असू दे आणि एक पायऱ्यांवरची. सगळीकडून रंग निघाला तर पूर्ण डेक सोलायला लागणार, एखाद्याच जागी निघाला तर तेवढाच भाग खरवडून भागू शकतं, आणि या दोन कामांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून ही टेस्ट पेंटर यायच्या आधी तुम्ही स्वतः करून ठेवा.

सध्या वर काय लावलंय हेच माहीत नसेल, आणि बहुतेकांना नसतंच, तर फडक्यावर थोडं स्पिरिट (अल्कोहोलचं, टर्पेंटाइन नव्हे) घेऊन जोरात घासा. रंग मऊ होऊन फडक्यावर आला तर पाण्याचा, म्हणजे ॲक्रिलिक आहे. नाही आला तर तेलाचा असण्याची शक्यता जास्त. हे कळणं गरजेचं का, तर ॲक्रिलिकचा जाड थर साध्या कॉस्टिक स्ट्रिपरला, म्हणजे जुना रंग काढायच्या कॉस्टिक सोड्याच्या रसायनाला, नीट दाद देत नाही, शेवटी मशीनने घासावा लागतो, आणि लाकडात मुरणारा तेलाचा स्टेन ॲक्रिलिकच्या थरावरून लावता येत नाही, तो आत जाणारच कसा.

चौथी: मागचं कोटेशन आणि रिकामे डबे

कपाटातून जुनं कोटेशन काढा. मालाचं पूर्ण नाव आणि प्रकार लिहिलाय का? किती हात? धुणं, घासणं, वाळवणं वेगवेगळं लिहिलंय का? की "डेक रंगकाम, मटेरियलसह" एवढंच?

मग साधा हिशोब करा. खडबडीत डेकवर मुरणारा स्टेन लिटरला साधारण ४ ते ७ चौरस मीटर जातो, नेमका आकडा डब्यावर असतो. तुमचा डेक २५ चौरस मीटरचा, लिटरला ५ धरले तर एका हाताला ५ लिटर, दोन हातांना १०, आणि कठडा-पायऱ्या वेगळ्याच. कामानंतर तिथे चार लिटरचा एकच डबा पडलेला होता असं आठवत असेल तर दोन हात मारले गेलेले नाहीत किंवा माल पातळ केला होता. उलट पण होतं बरं का. मुरणारा तेलाचा स्टेन लाकूड पितं तेवढाच द्यायचा असतो, वर राहिलेला पंधरा-वीस मिनिटांत फडक्याने पुसून काढायचा असतो, आणि जास्त दिला तर जास्त टिकेल या समजुतीने तीन-तीन हात मारले की वरचा माल वाळतच नाही. चिकचिकणाऱ्या डेकचं कारण बहुतेक हेच. तो मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून बराचसा सुधारतो, सगळं सोलायची गरज पडत नाही.

पाचवी, इथून थोडा खर्च: ओल मोजा

दोन सुयांचं ओलावा मोजायचं मीटर महाग नसतं, आणि विकत घ्यायचं नसेल तर येणाऱ्या पेंटरकडे असलंच पाहिजे. ज्याच्याकडे नाही, आणि जो "हाताला कोरडं लागतंय की" म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. हाताला कोरडी लागणारी फळी आतून २५ टक्के ओली असू शकते. रंग लावताना १५ टक्क्यांच्या खाली हवं. सुया लाकडाच्या रेषांच्या दिशेने टोचा, वेगवेगळ्या आठ-दहा जागी, उन्हातल्या, सावलीतल्या, आणि जमलं तर फळीच्या खालच्या बाजूने पण. ट्रीटेड लाकडात तांब्याचे क्षार असतात त्यामुळे मीटर थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून एका आकड्यावर अडून बसू नका, कोरड्या आणि ओल्या जागांमधला फरक बघा.

पावसानंतर किंवा धुतल्यानंतर निदान दोन कोरडे दिवस जाऊ द्या असं सगळे सांगतात, बरोबर आहे, पण सावलीतल्या जमिनीलगतच्या डेकला दोनाचे पाच दिवस पण लागतात. दिवस मोजू नका, मीटर बघा.

सहावी: डेकच्या खाली जा

कपडे खराब होणारच, जुने घाला आणि टॉर्च घेऊन खाली शिरा, किंवा शिरता येत नसेल तर मोबाईल काठीला बांधून व्हिडिओ काढा. वरून लाख उपाय केलेल्या डेकचं कारण पुष्कळदा खाली सापडतं. जमीन ओली, पानांचा खच, फळ्यांच्या खालच्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब लटकलेले, आणि चारी बाजूंनी जाळी किंवा फळ्या लावून हवा बंद केलेली. या ओलीला बाहेर पडायला एकच वाट, फळीतून वर. वर तुम्ही जाड रंगाचा थर लावलाय, ऊन पडलं की ती वाफ त्या थराला खालून ढकलते, हेच ते फुगे. अशा डेकवर पेंट किंवा लाकूड पूर्ण झाकणारा जाड सॉलिड स्टेन लावणाऱ्याने कितीही मन लावून काम केलं तरी तो हरणार.

फळ्यांमधल्या फटी पण बघा. ३ ते ६ मिलिमीटर फट हवी, ती पानांनी-मातीने बुजली की प्रत्येक फळीची कड कायम ओली. जुनी करवत किंवा पुट्टीची पट्टी घेऊन फटी साफ करा, दुपारभराचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण पेंटरकडून करून घ्यायची गरज नाही. बाजूची जाळी दोन समोरासमोरच्या जागी उघडून हवा खेळती करा. हे करून महिनाभराने परत मीटर लावा, आकडा खाली आलेला दिसेल, आणि मगच रंगाचा विचार करा.

सातवी: दाभण टोचा, आणि इथे थांबायची तयारी ठेवा

खाली आहातच तर दाभण किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचून बघा. धड लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि काढताना लांब ढलपी निघते. कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखं घुसतं, आणि तुकडा ठिसूळ, चौकोनी मोडतो. टोचायच्या जागा ठरलेल्या आहेत, खांब जमिनीला टेकतो तिथे, आडव्या तुळया जिथे बसतात तिथे, पायऱ्यांचे तिरपे आधार, कठड्याच्या खांबांची बुडं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराच्या भिंतीला बोल्टने लावलेली ती लांब पट्टी, जिच्यावर डेकची एक अख्खी बाजू उभी असते.

वरची एखाददुसरी फळी मऊ निघाली तर सुताराकडून बदलून घ्या आणि पुढे चला. पण भिंतीची पट्टी, तुळई किंवा खांब मऊ लागला, पट्टी नुसत्या खिळ्यांवर आहे आणि बोल्टच नाहीत असं दिसलं, बोल्ट गंजून बारीक झाले असतील, कठडा हाताने हलत असेल किंवा चालताना डेक झोका घेतोय असं वाटत असेल, तर रंगाचं काम तिथेच थांबवा. डेकवर माणसं जमवू नका आणि पेंटरला नाही, सुताराला किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. डेक पडतात ते बहुतेक या भिंतीच्या जोडापाशी सुटून पडतात. चांगला पेंटर हे बघून स्वतःच सांगतो की आधी हे करा मग मला बोलवा, जो "पुट्टी भरून वरून मारून देतो, कळणार पण नाही" म्हणतो त्याला परत फोन करू नका.

थांबायची दुसरी जागा, जुना रंग. डेक किंवा कठडा फार जुना असेल तर रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, बाकी देशांच्या तारखा वेगळ्या आहेत. तसंच जुन्या हिरवट ट्रीटेड लाकडात आर्सेनिक असलेलं सीसीए नावाचं संरक्षक रसायन असायचं, ते अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी २००३ च्या अखेरीला थांबलं. यातलं काही असण्याची शंका असेल तर स्वतः घासू नका, खरवडू नका, जाळू तर मुळीच नका. आधी टेस्ट करून घ्या आणि अशी धूळ सांभाळायचं प्रशिक्षण असलेला माणूसच बोलवा. घरात लहान मुलं असतील तर यात अजिबात तडजोड नको.

आठवी: एक फळी पूर्ण करून बघा

अख्ख्या डेकचं काम देण्याआधी एका कोपऱ्यातली दोन-तीन फूट जागा शेवटपर्यंत करून घ्या, सोलणं, धुणं, घासणं, माल, सगळं. पेंटरने त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या, वाजवी आहे. जुना थर कशाने निघतो, किती वेळ लागतो, खालचं लाकूड कसं आहे आणि रंग खरंच कसा दिसतो हे सगळं त्यात कळतं, शेडकार्डवरचा रंग आणि तुमच्या लाकडावरचा रंग यांचा फारसा संबंध नसतो. मग ती जागा एखादा पाऊस खाऊ द्या, आणि चिकटपट्टी लावून परत ओढून बघा.

कधीकधी या नमुन्यातच कळतं की थर इतके जाड आहेत की सोलण्याची मजुरी नव्या फळ्यांच्या जवळ जातेय. अशा वेळी एक उपाय असतो जो कोणी सुचवत नाही, फळ्या स्क्रूने लावलेल्या असतील आणि खालची बाजू धड असेल तर फळ्या उलट्या करून लावायच्या. कोरं लाकूड मिळतं, नुसतं घासून स्टेन.

मग पेंटर कसा ठरवायचा

तीन कोटेशन घ्या हे सगळेच सांगतात, पण तीन वेगळ्या कामांची तीन कोटेशन घेऊन स्वस्त कोणतं हे कसं ठरवणार. म्हणून कामाची यादी तुम्ही द्या आणि तिघांकडून त्याच यादीचा भाव मागा. यादीत लिहा, जुना सुटलेला थर कशाने काढणार, कोणता क्लीनर, घासायचा पेपर कितीचा, ओल किती टक्क्यांना काम सुरू होणार, मालाचं पूर्ण नाव, किती हात, कापलेल्या टोकांना वेगळा हात, पाऊस आला तर काय, आणि कठडा-पायऱ्या आत आहेत की बाहेर.

उत्तरं ऐकताना काही गोष्टींवर कान ठेवा. क्लीनर म्हणून सोडियम परकार्बोनेटचं नाव घेतलं तर माणसाला काम येतं, त्यानंतर ऑक्झॅलिक ॲसिडचा ब्राइटनर म्हणाला तर आणखी बरं, त्याने स्क्रूभोवतीचे काळे डाग जातात, कारण ते डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनची रिॲक्शन असते. फक्त हे ॲसिड विषारी आहे, हातमोजे-चष्मा हवा आणि आजूबाजूची झाडं आधी आणि नंतर पाण्याने भिजवायला हवीत. साधा क्लोरीनचा ब्लीच सगळीकडे ओतणारा नको, तो शेवाळ पांढरं करतो पण लाकडाचे तंतू कमजोर करतो, आणि ब्लीच कुठल्याही ॲसिडमध्ये किंवा अमोनियात मिसळला तर विषारी वायू निघतो.

प्रेशर वॉशर किती प्रेशरने मारणार ते विचारा. मऊ लाकडाला ५०० ते १२०० पीएसआय, रुंद पंख्यासारखा फवारा, फूटभर अंतरावरून. "आपण ३००० ला मारतो, चकाचक होतं" हे उत्तर आलं तर समजा की तुमच्या फळ्यांवर चर पडणार आणि लाकडाला लव फुटल्यासारखे तंतू उभे राहणार. घासायला ६० ते ८० नंबरचा पेपर. २२० ने गुळगुळीत केलेली फळी हात फिरवायला मस्त लागते, पण तिची छिद्रं बुजलेली असतात आणि स्टेन वरच राहतो. स्प्रेने लावणारा वाईट नसतो, पण स्प्रेच्या मागोमाग ब्रश फिरवून माल आत दाबणारा दुसरा माणूस पाहिजे.

पेंट की स्टेन यावर माझं मत विचाराल तर आडव्या फळ्यांवर जाड थर बनवणारं काहीच नको. लाकूड ओलीने फुगतं आणि उन्हात आकसतं, वर पाणी साचतं, वरून लोक चालतात, थराला कुठेतरी तडा जातो आणि तिथून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. कठड्याला, उभ्या भागाला पेंट लावा हवा तर, तिथे पाणी थांबत नाही. फळ्यांना मुरणारा, थोडा तरी रंग असलेला स्टेन, कारण ऊन अडवतो तो त्यातला रंगच, पूर्ण पारदर्शक माल लवकर हरतो. सागवान आणि इपेसारखं घट्ट किंवा तेलकट लाकूड असेल तर त्याच्यासाठी बनवलेलाच माल हवा, आणि तोही एकच पातळ हात.

वॉरंटीत "पोपडे" हा शब्द लिहून घ्या. नुसतं "दोन वर्षं वॉरंटी" म्हणजे नंतर हे फिकट होण्यात मोडतं की पोपड्यांत मोडतं यावर वाद. कामगारांचा विमा आहे का विचारा. पैसे टप्प्याने द्या, थोडे सुरुवातीला, बरेचसे तयारी झाल्यावर तुम्ही स्वतः बघून, आणि राहिलेले काम झाल्यावर पहिला पाऊस पडून गेला की. हा शेवटचा टप्पा आधीच कागदावर असू दे, नंतर काढलात तर भांडण होतं.

कामाच्या दिवशी

तयारी झाल्यावर आणि माल उघडण्याआधी तिथे हजर राहा, बाकी वेळ नसलात तरी चालेल. हात फिरवा, पांढरी-राखाडी पावडर हाताला लागतेय का बघा, पाण्याचे थेंब टाका, मीटर समोर लावायला सांगा. पेंटरला राग येत असेल तर येऊ द्या. हवा १० ते ३२ अंशांमध्ये, फळ्यांवर थेट कडक ऊन नको कारण माल आत जाण्याआधीच वाळतो आणि ते पट्टे उमटतात, आणि संध्याकाळी दव पडायच्या निदान दोन तास आधी ब्रश खाली. पुढचे २४ ते ४८ तास पाऊस नको. सकाळी ढग दाटलेले असताना "होऊन जाईल पटकन" म्हणणाऱ्याला सरळ थांबवा, त्याचा एक दिवस जाईल, तुमचा अख्खा सीझन जाईल. एकेक फळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात झाली की पट्टे येत नाहीत, मध्येच जेवायला उठलं की येतात.

तेलाच्या स्टेनचे बोळे आणि फडकी गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत टाकून कोणी जात असेल तर त्याला तिथेच अडवा. वाळताना तेल गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं, यात अतिशयोक्ती नाही, अशाने घरं जळलीयेत. फडकी एकेक पसरून बाहेर वाळवायची किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची.

उरलेला माल मागून घ्या, झाकणावर तारीख आणि कुठे लावला ते लिहा, लेबलचा फोटो काढा. कुंड्या परत ठेवताना खाली पाय असलेले स्टँड ठेवा. डेकवर चालायला दुसऱ्या दिवशीपासून बहुतेक हरकत नसते, जड फर्निचर तीन-चार दिवसांनी उचलून ठेवा, ओढू नका, आणि रबरी बुडाची चटई परत आणूच नका.